खात्यापित्या घरचा कुत्रा बारीक कसा करावा
(नवशिक्या कुटुंबांसाठी मार्गदर्शिका)

ज्या घरात एक कुत्रा आहे, तो जाड आहे आणि तो जाड कसा झाला याबद्दल प्रत्येकाला दुसऱ्याच कुणाचा तरी संशय आहे, अशा घरांसाठी ही मार्गदर्शिका आहे. कुत्रा कुठल्याही जातीचा चालेल. सोयीसाठी नमुना म्हणून एक लॅब्रॅडोर धरू. वय सहा, नसबंदी झालेली, वजन चाळीस किलो, मुक्काम पुणे, तिसरा मजला, लिफ्ट चालू. नाव अर्थातच ब्रुनो. घरात आजी, आजोबा, आई, बाबा, कॉलेजातली मुलगी आणि आठवीतला मुलगा. शिवाय पोळ्या करायला येणाऱ्या मावशी आणि खाली वॉचमनकाका. ही शेवटची दोन माणसं हिशेबातून वगळण्याचा मोह होईल. वगळू नयेत. बरंचसं वजन तिथेच सापडतं.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्यावी. ब्रुनोकडे पैसे नाहीत. तो दुकानात जात नाही, फोनवरून काही मागवत नाही, रात्री बारा वाजता उठून मॅगी करत नाही. त्याच्या अंगावर जे दहा किलो जास्तीचे आहेत, ते कुणीतरी ग्रॅमाग्रॅमाने त्याच्या तोंडापर्यंत पोचवलेले आहेत. तेव्हा पथ्य कुत्र्याचं नसतं, बिऱ्हाडाचं असतं. या सगळ्या प्रकरणात सर्वांत शिस्तीचा सभासद ब्रुनोच निघेल. दिलं नाही तर तो खात नाही. कचऱ्याचा डबा तेवढा उंचावर ठेवावा.

पायरी पहिली: मान्य करणे

ही पायरी दिसायला सोपी आहे, पण काही घरांत ती वर्षानुवर्षं चालते. त्या काळात ठरावीक वाक्यं कानावर येतात. “केस दाट आहेत ना, म्हणून तसा दिसतो.” “हाडापेरानेच मोठा आहे.” “लॅब असेच असतात.” “अहो, मागच्या वर्षी याहून जाड होता.” यांतला केसांचा मुद्दा सर्वांत लोकप्रिय. त्याची शहानिशा करायची असेल तर आंघोळीत कुत्रा पूर्ण भिजल्यावर त्याच्याकडे पाहावं. पॉमेरेनियन भिजला की निम्मा होतो. ब्रुनो भिजला तरी ब्रुनोच राहतो.

“नसबंदीनंतर वजन वाढतंच,” हे वाक्य मात्र अर्धं खरं आहे. शस्त्रक्रियेनंतर शरीराची गरज घटते आणि भूक वाढते. वाटी तेवढीच राहिली की उरलेलं अंगावर चढतं. दोष शस्त्रक्रियेला मिळतो, वाटीला कुणी काही म्हणत नाही.

आता हाताची परीक्षा. एक मूठ आवळावी आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्या उंचवट्यांवरून फिरवावीत. हाडं टोचतात. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर तो हडकुळा. मग मूठ उघडून अंगठ्याखालच्या मांसल भागावर बोटं दाबावीत. बरगड्या अशा, म्हणजे शोधूनच काढाव्या लागत असतील, तर तो जाड. शेवटी हात पालथा आणि सरळ धरून त्यावरून बोटं फिरवावीत. हाडं कळतात, पण त्यांवर पातळसं अस्तर आहे. बरगड्या अशा लागायला हव्यात. मग कुत्र्याला वरून पाहावं, बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. बाजूने पाहावं, पोट मागच्या पायांकडे जाताना वर चढलेलं दिसलं पाहिजे. ब्रुनोच्या बाबतीत वरून पाहिल्यास पाठ दिसते आणि तिच्यावर चहाचा कप ठेवता येतो.

डॉक्टर या परीक्षेचे 1 ते 9 असे गुण देतात. डॉटी लाफ्लाम या पशुवैद्यक संशोधक बाईंनी ही पद्धत 1997 साली प्रसिद्ध केली. हिच्यात 4 किंवा 5 गुण उत्तम आणि 9 म्हणजे कमाल लठ्ठ. हे घरच्यांना आधीच समजावून सांगावं. नाहीतर नऊपैकी नऊ मिळाले की आपल्याकडे पेढे वाटतात, आणि त्यातला पहिला ब्रुनोला मिळतो. 5 च्या वरचा एकेक गुण म्हणजे साधारण दहा ते पंधरा टक्के जास्तीचं वजन.

पायरी दुसरी: डॉक्टर

थोड्या कुत्र्यांत खरोखरच थायरॉइड मंदावलेलं असतं, किंवा कुशिंग नावाचा आजार असतो. म्हणून तपासणी आधी करून घ्यावीच, हे गमतीत सांगत नाही. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस घरात फार आनंदात जातात. थायरॉइडच निघावं असं मनातून प्रत्येकाला वाटत असतं, कारण थायरॉइड कुणी भरवलेलं नसतं. रिपोर्ट बहुधा नॉर्मल येतो. मग आजोबा म्हणतात, “दुसरीकडे करून बघा एकदा.”

वजन दवाखान्यातल्या जमिनीलगतच्या काट्यावर करावं, आणि दर वेळी त्याच काट्यावर. घरी करण्याची रीत अशी सांगतात की आधी एकट्याने काट्यावर उभं राहावं, मग कुत्र्याला उचलून घेऊन, आणि वजाबाकी करावी. पगसाठी ही रीत चांगली आहे. चाळीस किलोच्या लॅब्रॅडोरसाठी वापरल्यास पुढचे पंधरा दिवस माणसांचे डॉक्टर लागतात. शिवाय वजाबाकीच्या पहिल्या आकड्यावरून घरात भलताच विषय निघतो.

पायरी तिसरी: वही

पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही. फ्रिजला दोरीने पेन बांधून शेजारी वही ठेवावी आणि ब्रुनोला जो जे देईल त्याने ते लिहावं. दोन दिवस वही कोरी राहील. हे नैसर्गिक आहे. तिसऱ्या दिवशी जाहीर करावं की नाव लिहायचं नाही, फक्त पदार्थ लिहायचा. त्यानंतर वही भरू लागते.

नमुन्याच्या घरातला एक दिवस असा निघाला. सकाळच्या चहाबरोबर पार्ले-जी चार, दोन आजोबांकडून, दोन आजींकडून, आणि एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही, सुमारे 95 कॅलरी. मावशी पहिली पोळी गाईची म्हणून बाजूला काढतात. सोसायटीत गाय येत नाही, ओट्याशी ब्रुनो येतो. तुपासकट 120. मग एक वाटी म्हशीचं दूध, ‘पातेलं विसळलं फक्त’ या नोंदीखाली, 150. शाळेतून आल्यावर मुलाने अभ्यासाला बसण्यापूर्वी दिलेली चीजची स्लाइस, 60. खाली वॉचमनकाकांच्या पुड्यातली दोन बिस्किटं, 45. रात्रीचा उरलेला दहीभात, शेरा ‘टाकायचा का मग?’, 160. बेरीज 630.

यात ब्रुनोचं जेवण अजून आलेलं नाही. त्याचं कोरडं खाणं मगाने मोजून दोन वेळा मिळून तीनशे ग्रॅम होतं. अशा खाण्याच्या शंभर ग्रॅमला साधारण 350 कॅलरी धरल्या तर हे 1050. एकूण 1680. वही पाहून घरातलं प्रत्येक माणूस म्हणतं, “पण मी तर एवढंसंच देते.” आणि ते खरं असतं. कुणीच खोटं बोलत नसताना कुत्रा चाळीस किलोचा होऊ शकतो.

पायरी चौथी: गणित

ब्रुनोला मुळात लागतं किती? हे काम आठवीतल्या मुलाला द्यावं. जे वजन गाठायचं आहे ते घ्यायचं, आजचं नाही. चाळीस किलोच्या कुत्र्याचं जेवण दिलं तर कुत्रा चाळीस किलोचाच राहतो. डॉक्टरांनी तीस सांगितलं असेल तर 30 गुणिले 30 गुणिले 30, म्हणजे 27,000. मग कॅल्क्युलेटरवर वर्गमुळाचं बटण दोनदा दाबायचं. 12.8 येतात. त्याला 70 ने गुणायचं. सुमारे 900 कॅलरी, दिवसाच्या, सगळं धरून. वजन उतरवताना डॉक्टर बहुधा याच आकड्यापासून सुरुवात करतात आणि मग कुत्रा कसा उतरतो ते बघून कमीजास्त करतात.

नऊशे हवेत आणि सोळाशे ऐंशी जातात. यावर आई म्हणते, मुलाचं गणित कच्चं आहे.

नऊशेपैकी खाऊ दहा टक्क्यांच्या वर नको, म्हणजे 90. म्हणजे आजी-आजोबांचा सकाळचा चहा आटोपला की ब्रुनोचा दिवसाचा खाऊ संपला, वर पाच कॅलरी उधारीच. उरलेल्या 810 कॅलरी जेवणाच्या. त्याच पाकिटातलं खाणं चालू ठेवलं तर दोनशे तीसेक ग्रॅम होतं. पण नुसती जुन्या खाण्याला कात्री लावली की कॅलरींबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही कमी होतात. म्हणून वजन उतरवण्यासाठी वेगळं, प्रथिनं आणि चोथा जास्त असलेलं खाणं मिळतं. महाग असतं. घ्यायचं की नाही ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं, शेजारच्या बीगलवाल्यांशी नव्हे.

आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के उतरणं बरोबर. ब्रुनोसाठी चारशे ते आठशे ग्रॅम. दहा किलोला चार-पाच महिने लागतील, सहासुद्धा. पाडव्याला सुरुवात केली तर गणपती येतील. गणपतींचा प्रश्न पुढे घेतला आहे.

पायरी पाचवी: आजी

परदेशी पुस्तकांत ही पायरी नाही, आणि म्हणूनच ती पुस्तकं आपल्याकडे चालत नाहीत.

आजींसमोर कॅलरी हा शब्द काढू नये. त्यांचा पहिला मुद्दा असतो, “मुकं जनावर आहे.” ब्रुनो मुका नाही हे सबंध सोसायटीला ठाऊक आहे, पण ते बोलून दाखवू नये. दुसरा मुद्दा, दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात आणि ते चार वेद आहेत, वेदांना उपाशी ठेवता का. याला उत्तर आहे. देवघरातली दत्ताची तसबीर खाली काढून चारही वेद नीट दाखवावेत. प्रत्येकाला कंबर आहे.

तिसरा मुद्दा नामदेवांचा आणि तो भारी आहे. कुत्र्याने पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. इतकी गोड गोष्ट सांगणाऱ्या माणसाशी वाद कसा घालायचा? घालू नये. फक्त अदबीने एवढंच निदर्शनास आणावं की त्या गोष्टीतलं कुत्रं पळत होतं. नामदेवही पळत होते. तेवढं पळणं रोज होणार असेल तर तुपाला आमची हरकत नाही.

आजोबांचा मुद्दा निराळा. “किती वर्षं जगणार आहे बिचारा, खाऊ दे की.” यावर त्यांना एक प्रयोग सांगावा. प्युरिना या कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या कंपनीने 1987 साली 48 लॅब्रॅडोर पिल्लं घेतली, एकेका वेतातल्या भावंडांच्या 24 जोड्या लावल्या, आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खाणं आयुष्यभर दिलं. 2002 साली निष्कर्ष छापून आले. भरपेट खाणाऱ्यांचं आयुष्य मध्यमानाने 11.2 वर्षं, कमी खाणाऱ्यांचं 13. सांधेही त्यांचे उशिरा कुरकुरले. खाणं विकणाऱ्या कंपनीनेच खाणं कमी द्या असं सिद्ध करावं, यातला व्यवहार आजोबांना लगेच भावतो, कारण त्यात कुणाचा तरी तोटा आहे. नमुन्यातल्या आजोबांनी दोन दिवस विचार केला आणि मग वहीत स्वतःच्या नावाचाही एक रकाना पाडला.

आता युक्ती. आजींकडून बिस्किटं काढून घेऊ नयेत, आजींना अधिकार द्यावा. एक लहान स्टीलचा डबा त्यांच्या ताब्यात द्यायचा. सकाळी त्यात दिवसाचा सगळा खाऊ भरायचा: काकडीच्या चकत्या, गाजराचे तुकडे, मीठ न घालता उकडलेली फरसबी, आणि जेवणाच्या मापातूनच काढून घेतलेले पंधरावीस कोरडे दाणे. पार्ले-जी हवंच असेल तर एक, आठ तुकडे करून. कुत्र्याला तुकड्याचा आकार कळत नाही, आपल्याला काहीतरी मिळालं एवढं कळतं. आठ वेळा मिळालं तर आठ वेळा शेपटी हलते. डबा आजींचा, चावी आजींची, बाकी कुणीही ब्रुनोला परस्पर काही द्यायचं नाही.

याचा परिणाम बघण्यासारखा असतो. कालपर्यंत पदराआडून लाडू देणारी बाई आजपासून मुलाच्या खिशात चीज सापडलं तर जाब विचारते. “डबा माझ्याकडे आहे ना? मग?” मावशींनाही त्याच समजावतात. मावशी शहाण्या, त्या पहिली पोळी करणं सोडत नाहीत, पुरीएवढी लाटतात आणि तुपाचं बोट लावायचं विसरतात.

उपवासाबद्दल. “माझ्याबरोबर एकादशी करेल की तो,” असा प्रस्ताव येऊ शकतो. तो फेटाळावा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी असते, वर दाण्याचं कूट आणि तूप. घरातल्या माणसांनाही एकादशी जड जाते ती यामुळेच. दोन दिवस लंघन घालून झटपट बारीक करण्याचा विचारही सोडून द्यावा. उपाशी कुत्र्याची चरबीबरोबर मांसपेशीही झडते आणि त्यानंतर तो वॉचमनकाकांकडे राहायला जातो.

पायरी साडेपाचवी

इथे घटकाभर गंमत थांबवू. ब्रुनो जेवून दहा मिनिटं झालेली असताना पुन्हा येऊन तुमच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवतो. आपण म्हणतो, नाटकी आहे. तो बहुधा नाटक करत नसतो. केंब्रिज विद्यापीठातल्या एलेनॉर रॅफन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली दाखवलं की साधारण चौथा हिस्सा लॅब्रॅडोरांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरलं, आता पुरे, हा निरोप मेंदूपर्यंत नेण्याच्या कामात या जनुकाचा हात आहे. माणसांच्या मदतीसाठी शिकवलेल्या लॅब्रॅडोरांमध्ये हे प्रमाण तीन-चतुर्थांशांच्या घरात निघालं. खाऊसाठी काहीही शिकायला तयार असलेले कुत्रेच त्या कामाला निवडले जात असावेत, असा अंदाज आहे. 2024 साली त्यांनी आणखी एक प्रयोग छापला. सकाळी पोटभर जेवलेल्या कुत्र्यांसमोर पारदर्शक डब्यात सॉसेज ठेवलं, दिसेल, वास येईल, पण उघडता येणार नाही असं. ज्यांच्यात हा बिघाड होता ते त्या डब्याच्या मागे जास्त वेळ लागले. आणि नुसतं पडून असताना त्यांचं शरीर इतरांपेक्षा पाव हिस्सा ऊर्जा कमीच जाळत होतं. भूक जास्त आणि खर्च कमी, असा दुहेरी फास.

म्हणून “किती हावरट आहे” असं त्याच्यासमोर म्हणू नये. मागेही म्हणू नये. आणि ताटात हात घालून काही देऊही नये, कारण भूक खरी असली तरी गरज खरी नाही. करण्यासारखं हे आहे: दिवसाचं तेवढंच खाणं दोनऐवजी चार वेळा द्यावं, आणि वाटीत ओतण्याऐवजी कमवायला लावावं. गच्चीवर दाणे पसरून टाकावेत, जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवावेत, भोकं असलेल्या रबरी खेळण्यात भरावेत. दोन मिनिटांचं जेवण वीस मिनिटं चालतं. माणसं जेवायला बसतील तेव्हा त्याला दुसऱ्या खोलीत त्याच्या खेळण्यापाशी बसवावं. रविवारी मासे तळताना ही खोली जरा लांबची निवडावी.

पायरी सहावी: वाटी

मग फेकून द्यावा. मगाने मोजणारा हात रोज निराळा असतो, आणि ज्या दिवशी ब्रुनो लाडात येतो त्या दिवशी मगाला शीग लागते. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा वापरावा आणि ग्रॅममध्ये मोजावं. हा काटा बहुतेक घरांत असतोच. बाबांनी कधीतरी स्वतःच्या डाएटसाठी आणलेला असतो आणि तो अजून खोक्यात असतो.

वाटी रिकामी दिसते म्हणून जीव तुटत असेल तर तिच्यात उकडलेला दुधी, दोडका किंवा लाल भोपळा घालून ती भरावी. फोडणी नको, मीठ नको. दुधी आधी स्वतः चाखून पाहावा, कडू निघाला तर कुणीच खाऊ नये.

आणि भात? कुत्र्याला भात पचत नाही असं छातीठोक सांगणारे लोक भेटतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं की पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा पुष्कळ जास्त असतात. माणसांच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढल्याचं हे फळ. तेव्हा भात हा काही शत्रू नव्हे. पण नुसत्या दहीभातावर कुत्रा पोसणं मला पटत नाही. त्यात प्रथिनं पुरत नाहीत, आणि कुत्रा जाड असूनही कुपोषित राहू शकतो. घरचंच खाणं द्यायचं असेल तर अंडं, चिकन, पनीर यांचं माप डॉक्टरांकडून आखून घ्यावं. ज्या घरात अंडं चालत नाही त्या घरात ही चर्चा कुत्रा आणण्यापूर्वी झाली असती तर बरं झालं असतं.

पायरी सातवी: फिरवणे

फिरण्याने वजन उतरतं ही समजूत प्रामुख्याने फिरवणाऱ्याची असते. तासभर चालून ब्रुनो साधारण जेवढं जाळतो, तेवढं एका तूप लावलेल्या पोळीत परत येतं. तरीही फिरवावं, सांध्यांसाठी, मांसपेशींसाठी, आणि त्याला आयुष्यात वाटीखेरीज काही रस राहावा म्हणून. सुरुवात दहा-पंधरा मिनिटांपासून. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत परत, कारण जाड कुत्र्याला उष्मा लवकर चढतो आणि डांबरी रस्ता पंजे भाजतो. धाप लागली, मागे रेंगाळू लागला, तर थांबायचं.

रस्ता ठरवताना मात्र नकाशा पाहावा. फिरवायला बाबा जात असतील तर ब्रुनोला परिसरातली सगळी अमृततुल्यं पाठ असतात, आणि कुठे क्रीम रोल मिळतो, कुठे खारी, हेही. तो पट्टा ओढत घेऊन जातो ती व्यायामाची ओढ नसते.

पायरी आठवी: औषध

“एखादी गोळी नाही का?” असं सगळेच विचारतात. अमेरिकेत 2007 च्या जानेवारीत स्लेंट्रॉल नावाचं एक औषध खास लठ्ठ कुत्र्यांसाठी मंजूर झालं होतं, फायझरचं. त्याबरोबर स्पष्ट इशारा होता की हे माणसांनी घेऊ नये. असा इशारा द्यावा लागला यावरून मालकमंडळींची कल्पना यावी. पुढे ते बाजारातून गेलं. पुढची पायरी.

पायरी नववी: सण

श्रावणापर्यंत गाडी रुळावर असते. मग एकामागून एक सुरू होतं. इथे वजनापेक्षा मोठा धोका आहे, तेव्हा हा भाग फ्रिजवर चिकटवावा. बेदाणे, मनुका आणि द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. म्हणजे प्रसादाचा शिरा नाही, खीर नाही, मोदकाच्या सारणात बेदाणे घालायची पद्धत असेल तर मोदकही नाही. द्राक्षांतला घातक पदार्थ टार्टारिक आम्ल असावं असं अलीकडे मानलं जातं, आणि ते चिंचेत भरपूर असतं. चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदीही आहेत. म्हणजे आमटी कालवलेला भातही नाही. कांदा आणि लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणजे भाजीचा रस्सा, भजी, लसणाची चटणी, काही नाही. चॉकलेट तर नाहीच. बिनसाखरेच्या च्युइंग गममध्ये झायलिटॉल असेल तर ते जिवावर बेततं. यातलं काही पोटात गेलं तर “बघू सकाळी” करू नये, लगेच डॉक्टरांना फोन करावा.

पितृपक्षात कावळ्यासाठी ठेवलेल्या पानाचा विषय नाजूक आहे. कावळा येत नाही, वेळ होते, मंडळी भुकेली असतात आणि ब्रुनो गच्चीच्या दारात उभा असतो. श्राद्धाच्या पंचबळीत एक वाटा श्वानाचा असतो हे गुरुजी सांगतील, आणि ते बरोबर आहे. तो वाटा सुपारीएवढा असावा, साधा भात, आणि वहीत नोंदवावा.

लोक काय म्हणतील

चौथ्या-पाचव्या महिन्यात ब्रुनोला कंबर येते. लिफ्टमध्ये तो वळू शकतो. सोफ्यावर स्वतः चढतो, ही प्रगती सगळ्यांनाच आवडते असं नाही. आणि याच सुमारास सोसायटीत कुजबुज सुरू होते. नवशिक्यांनी हिची तयारी ठेवावी, कारण पथ्य मोडतं ते इथे.

“बारीक झालाय हो! आजारी आहे का?” उत्तर: नाही, बरा झालाय.

“तुमचे दोघंही नोकरीला, लक्ष नाही राहत ना.” उत्तर देऊ नये. आजी समोर असल्यास त्यांना पुढे करावं.

“आमचा टफी बघा, अंगाने किती भरलाय.” टफीकडे बघावं. बरगड्या शोधायचा मोह आवरावा.

“आता झाला ना बारीक? मग आता खाऊ द्या.” हे वाक्य बहुधा घरातच कुणीतरी म्हणतं. लक्ष्य गाठल्यावर खाणं थोडंसं वाढवायचं असतं, एका वेळी पाच-दहा टक्के, आणि दर पंधरवड्याला वजन बघत. जुन्या 1680 वर परत गेलात तर पुढच्या पाडव्याला पहिल्या पायरीवर भेटू. वही बंद करायची नाही. डबा आजींकडून काढून घ्यायचा नाही, आणि त्या देणारही नाहीत.

राहता राहिल्या सांगलीच्या मावशी. त्या दिवाळीला येतात, दारातच ब्रुनोला पाहून गालावर हात ठेवतात, आणि पिशवीतून खास त्याच्यासाठी केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा काढतात. मावशींना वही दाखवू नये, गणित सांगू नये, नामदेवही सांगू नयेत. डबा दोन्ही हातांनी घ्यावा, तोंडभरून आभार मानावेत, आणि लाडू घरातल्या माणसांनी वाटून खावेत, दाराआड. आजोबांनी आपल्या रकान्यात लिहून.